पेल्याखालचा ठिपका

भोर
१७ जून २०२४

प्रिय सुलक्षणा,

ख्रिस्तात सलाम.

फोन लावून लावून माझं बोट झिजलं. कधी तू संपर्काबाहेर असतेस, कधी नुसती रिंग वाजून बंद होते. शेवटी माझी सून प्रेरणा म्हणाली, "आई, पत्र टाका. वेल्ह्यापुढच्या डोंगरात रेंज चढत नाही, पण पोस्टमन चढतो." तिचं म्हणणं पटलं, म्हणून लिहायला बसले.

तुमच्या कातकरवाडीतलं कोणीच गेले सहा रविवार उपासनेला आलं नाही. मागच्या दोन रांगा रिकाम्या. पाळकसाहेबांनी मलाच विचारलं, "सिस्टर, वेल्ह्याकडची माणसं कुठे आहेत?" चाळीस वर्षं मिशनच्या दवाखान्यात नर्स होते, तेव्हापासून अख्खी मंडळी मला सिस्टर म्हणते आणि सगळ्यांची खबर मलाच असावी असं धरून चालते. कानावर आलं की तुम्ही वाडीतच झाडाखाली प्रार्थना घेता. घ्या, नको कोण म्हणतं? पण महिन्याच्या पहिल्या रविवारी, प्रभुभोजनाला तरी भोरला यायला हवं. सगळ्यांच्या पेल्यांत द्यायच्या रसासाठी मी शनिवारीच मनुके भिजत घालते, रस काढून गाळते. या वेळी दोन रांगांचा रस तसाच उरला.

फुलाबाईचे गुडघे कसे आहेत? तिला म्हणावं सिस्टरने आठवण काढली आहे. कोरोनात वाडीत कोणी पाऊल टाकत नव्हतं, तेव्हा पाच दिवस मी तिच्या उशाशी बसले होते. ते ती विसरली नसेल. तिच्यासाठी जुन्या साड्यांची एक पिशवी बांधून ठेवली आहे. येशील तेव्हा घेऊन जा.

तुझी,
एस्तेरमावशी


कातकरवाडी, वेल्हे
२ जुलै २०२४

एस्तेरमावशींना सलाम.

पत्र मिळालं. फोन उचलला नाही, माफ करा. सध्या भाताच्या लावणीची घाई आहे आणि माझ्या आशा सेविकेच्या कामाचे सर्व्हेही चालू आहेत. पावसात एसटी कधी येते, कधी येत नाही. चेलाडी फाट्यावर गाडी बदलायची म्हणजे आईच्या गुडघ्यांना फार होतं.

आईला तुमचे ते पाच दिवस चांगले आठवतात. हल्ली ती त्याबद्दलच जास्त बोलते. तुम्ही हातमोजे न घालता तिच्या कपाळावर हात ठेवला होता, हे तिनं सगळ्या वाडीला सांगितलं आहे.

साड्या दुसऱ्या कोणाला द्या.

मावशी, कामासाठी एक विचारायचं होतं. तुमच्या दवाखान्यात रोग्यांच्या भांड्यांना खूण करायची पद्धत होती का? कोणत्या रोग्यांच्या, आणि कशी?

सुलक्षणा


भोर
९ जुलै २०२४

प्रिय सुलक्षणा,

सलाम. चला, कोणाला तरी जुन्या नर्सचं ज्ञान हवंय. आमच्या टीबीच्या वॉर्डात प्रत्येक ताट, वाटी, पेल्याच्या बुडाला लाल रंगाचा ठिपका असायचा. वरून दिसत नाही, त्यामुळे रोग्याला वाईट वाटत नाही, आणि त्यांची-आमची भांडी मिसळत नाहीत. ती घासायची बादलीही वेगळी. मेट्रन म्हणायची, "ठिपका बोलत नाही, पण काम करतो." तुझ्या रजिस्टरमध्ये हवं तर लिहून ठेव.

बाकी एसटी आणि लावणी ही कारणं मला सांगू नकोस. याआधीही लावण्या झाल्या, तेव्हा यायचात. कोणी तुमचे कान भरलेत का?

आणखी एक गोष्ट, मनात ठेवत नाही म्हणून लिहिते. प्रभुभोजनाचे स्टीलचे छोटे पेले आवरताना दुसऱ्या ट्रेतले चोवीसचे तेवीसच निघाले. मे महिन्यात फुलाबाई मागे थांबून घासायला मदत करत होती. मी 'राहू दे' म्हटलं होतं, तरी तिने घेतलेच घासायला. मी कोणावर संशय घेत नाही, पण कुठे चुकून तुमच्या पिशवीत आला असेल तर बघ. देवाच्या घरची वस्तू आहे.

तुझी,
एस्तेरमावशी


कातकरवाडी, वेल्हे
२५ जुलै २०२४

रणभिसे सिस्टर यांस,

पेला आमच्याकडेच आहे. चुकून आला नाही. आईनं मुद्दाम पदरात बांधून आणला.

त्या दिवशी तुम्ही आत गेलात, तेव्हा तिनं पेले घासून पालथे घातले. प्रत्येकाच्या बुडाला लाल ठिपका. तिला वाटलं कंपनीचा असेल. मग तिनं पहिल्या ट्रेतले पेले उलटून बघितले. त्यांना नव्हता. पहिला ट्रे पुढच्या रांगांना जातो, दुसरा आमच्या दोन रांगांना. आई अंगठा उठवते, तिला अक्षर येत नाही. पण घरी येऊन तिनं पेला माझ्यासमोर ठेवला आणि विचारलं, "सुले, हे काय लिवलंय वाच."

मी आशा आहे. मला वाचता आलं, पण मी तिला म्हटलं, मला माहीत नाही. तुम्हाला मागच्या पत्रात विचारलं ते एवढ्यासाठी, की तुमच्याकडे दुसरं काही तरी कारण असेल असं मला वाटत होतं. तुम्ही स्वतःच्या हातानं लिहून पाठवलंत.

सिस्टर, आमच्या वाडीत आज टीबीचा एकही रोगी नाही. दर सहा महिन्यांनी मीच थुंकीचे नमुने पाठवते. विचारलं असतंत तर रजिस्टर दाखवलं असतं. भोरच्या मंडळीत मात्र एक होते, तुमचे दीर अमृतराव. त्यांनी स्वतःच उपासनेत उभं राहून साक्ष देताना सांगितलं होतं, गोळ्या चालू आहेत, प्रार्थना करा. आम्हीही केली. ते पहिल्या रांगेत बसत होते. त्यांच्या पेल्याला ठिपका नव्हता.

आणि वर पेला हरवल्याचं आम्हालाच विचारता. याला आमच्याकडे चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात.

सुलक्षणा हिलम


भोर
२० ऑगस्ट २०२४

प्रिय सुलक्षणा,

तुझं पत्र आल्याला तीन आठवडे होऊन गेले. मधल्या काळात मी तुला चार पत्रं लिहिली आणि चारही बंबात घातली. पहिल्यात लिहिलं होतं की ठिपके सर्वांच्या आरोग्यासाठी होते. दुसऱ्यात सगळं प्रेरणावर ढकललं होतं, कारण नेलपेंट तिचं. तिसऱ्यात लिहिलं की देव अंतःकरण पाहतो, पेल्याचं बूड पाहत नाही. चौथ्यात नुसती बायबलची वचनं होती.

आता खरं लिहिते. कोरोनाच्या आधी आमच्या मंडळीत एकच मोठा पेला फिरायचा, सगळे त्यातूनच प्यायचे. छोटे पेले कोरोनात आणले. साथ सरल्यावर पाळकसाहेब म्हणाले, पुन्हा एक पेला घेऊ. त्याच सुमारास तुम्ही यायला लागला होता. माझ्या मनात एवढंच आलं की फुलाबाईच्या ओठांनंतर तो पेला माझ्या ओठांना लागणार. अंगावर शहारा आला. मी म्हणाले, "साहेब, अजून धोका आहे." नर्सने सांगितल्यावर कोण वाद घालणार? पुढे तेवढ्यानेही माझं भागेना. एका शनिवारी प्रेरणाच्या आरशापुढचं नेलपेंट उचललं, चोवीस पेले पालथे घातले आणि एकेक ठिपका देत गेले. काम नीटनेटकं झाल्याचं समाधान वाटलं.

कोरोनात मी तुझ्या आईच्या कपाळावर हात ठेवला, तेही खोटं नाही. तेव्हा ती रोगी होती, मी नर्स होते. बरी होऊन ती माझ्या शेजारी बसायला आली, तेव्हा मला सहन झालं नाही. हे लिहिताना मला माझीच किळस येते आहे.

माझा आजा गेनबा शिवरे गावाकडे दुसऱ्याच्या शेतावर राबायचा. त्याचा कान तुटलेला कप गोठ्याच्या वळचणीला असायचा. मालकीण वरून चहा ओतायची. पिऊन झाला की त्यानेच विसळायचा आणि पालथा घालून ठेवायचा. एके दिवशी एका पाळकाने आपण प्यालेला पेला तसाच त्याच्या हातात दिला. आजा त्या दिवशी ख्रिस्ती झाला. त्याला वाचता येत नव्हतं. कोणी विचारलं की म्हणायचा, "म्या पेल्यापायी आलो." मंडळीत फिरायचा तो मोठा पेला म्हणजे त्यानेच आणून दिलेला पितळी पेला. तो मी फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवला. गेनबाची नात मी. त्याला झालेला त्रास मी लहानपणापासून ऐकत आले, दर वर्षी मुलांच्या वर्गात सांगत आले, आणि पाहा काय केलं.

तुझ्या आईंना मी कायम अगं-तुगं केलं. त्या माझ्याहून वयाने मोठ्या आहेत. त्यांना सांग, एस्तेर तुमची क्षमा मागते. पेला त्यांच्याकडेच राहू दे. जमलं तर उत्तर दे.

एस्तेर


कातकरवाडी, वेल्हे
३० ऑगस्ट २०२४

एस्तेरबाईंना सलाम.

तुमचं पत्र आईला दोनदा वाचून दाखवलं. तुमच्या आज्याचं ऐकताना ती भाकरी थापायची थांबली. मग तिनं विचारलं, "ह्ये पत्र त्येंच्या घरात कुनी वाचलंय का?" मी म्हटलं, नसेल.

ती जे बोलली ते तसंच लिहिते. "ठिपका बी खालच्या अंगाला, आन माफी बी खालच्या अंगाला. गुपचूप केलं, गुपचूप मिटवायचं व्हय? जितं क्येलं तितं उभं ऱ्हाऊन सांगा म्हनावं. माजं नाव घिऊन."

माझंही तेच म्हणणं आहे. वाडीतली सतरा माणसं तुमच्या मंडळीत येत होती. अचानक का थांबली, याचं उत्तर भोरला कोणालाच माहीत नाही. तिकडे बोललं जातं की कातकरी असेच, चार दिवस येतात आणि वीटभट्टीवर निघून जातात. आम्ही वाडीतच आहोत.

सुलक्षणा


भोर
९ सप्टेंबर २०२४

प्रिय सुलक्षणा,

काल साक्षीच्या वेळी उभी राहिले आणि सांगितलं. देवाने बळ दिलं. उपासनेनंतर कितीतरी जणांनी माझे हात धरले. पाळकसाहेबांच्या बायकोच्या डोळ्यांत पाणी होतं. कित्येक दिवसांनी काल शांत झोप लागली.

आता येत्या प्रभुभोजनाला तुम्ही सगळे याल ना? मी पुढची रांग राखून ठेवते.

तुझी,
एस्तेरमावशी


कातकरवाडी, वेल्हे
२१ सप्टेंबर २०२४

एस्तेरबाई,

आमच्या वाडीतला सोमनाथ भोरला बांधकामावर असतो. त्या रविवारी तो शेवटच्या रांगेत बसला होता. तुम्ही त्याला बघितलं नसेल. त्यानं तुमचं बोलणं मोबाईलमध्ये घेतलं आणि घरी आल्यावर आम्हाला ऐकवलं.

तुम्ही म्हणालात, "आपल्या मंडळीकडून कळत-नकळत कोणा भाऊ-बहिणीचं मन दुखावलं गेलं असेल, तर प्रभू आपल्याला क्षमा करो." बस, एवढंच.

आईनं ते परत लावायला सांगितलं. मग म्हणाली, "ह्यात म्या कुटं हाय? पेला कुटं हाय?" आणि हसली. ती रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

लोकांनी तुमचे हात धरले, कारण त्यांना वाटलं, केवढी नम्र बाई, दुसऱ्यांची चूक अंगावर घेते. तुम्हाला शांत झोप लागली याचा मला राग आहे. लपवून कशाला ठेवू?

पुढची रांग राखू नका.

सुलक्षणा


भोर
७ ऑक्टोबर २०२४

प्रिय सुलक्षणा,

काल प्रभुभोजनाचा रविवार होता. मी मनुके भिजवले नाहीत. उपासनेआधी पाळकसाहेबांच्या घरी जाऊन त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी मला बसायला सांगितलं. मग म्हणाले, "सिस्टर, मी ट्रे दोन का, असं कधी विचारलं नाही. मलाही विचारायचं नसावं."

मेजावर मी दुसरा ट्रे ठेवला, तेवीस पेले पालथे. सगळ्यांना पुढे येऊन बघायला सांगितलं. काही आले, काही जागेवर बसून राहिले. मग मी म्हणाले, "हे ठिपके मी दिले. मंडळीने नाही, मी, एस्तेर रणभिसेने. फुलाबाई हिलम, त्यांची मुलगी सुलक्षणा आणि वाडीतली बाकीची, मिळून सतरा माणसं या पेल्यांतून प्यायली. त्यांना कुठलाही रोग नव्हता. ती कातकरी आहेत म्हणून मी दिले. चोविसावा पेला फुलाबाईंकडे आहे, आणि त्या आता येत नाहीत त्या माझ्यामुळे. मागच्या महिन्यात मी उभी राहून जे बोलले, ते खोटं होतं." पुढे आजाचंही सांगणार होते, पण म्हटलं, आज त्याच्या आड लपायचं नाही. नाही सांगितलं.

या वेळी कोणी हात धरला नाही. एक बाई मुलाला घेऊन उठून गेली, जाताना एवढंच म्हणाली की भरल्या उपासनेत हे बोलायची काय गरज होती. मग माझे दीर अमृतराव उभे राहिले. खाली मान घालून म्हणाले, "वहिनी, ट्रे मीच न्यायचो. मला ठिपके माहीत होते. मी गोळ्या खात होतो, तरी पुढच्या ट्रेतला पेला उचलत होतो." पाळकसाहेबांनी प्रभुभोजन झाकून ठेवलं आणि नुसत्या प्रार्थनेवर उपासना आटपली.

संध्याकाळी घरी चहा देताना प्रेरणा म्हणाली, "ती बाटली मी फेकली, आई. तो रंग मला आता लावता येणार नाही." मला तिच्याकडे बघवलं नाही.

शांत झोप वगैरे काही लागली नाही. ती लागावी असं वाटतही नाही. तुम्ही यावं असं या वेळी मी म्हणत नाही, आणि उत्तराचीही अपेक्षा ठेवत नाही. झालं ते जसंच्या तसं तुमच्या कानावर घालायचं होतं.

एस्तेर


कातकरवाडी, वेल्हे
२२ ऑक्टोबर २०२४

एस्तेरबाई, फुलाबाईचा सलाम.

म्या सांगती, सुली लिवती. तिला म्हनलं, माज्या तोंडातलं बदलू नगंस.

सोमनाथनं सगळं ऐकवलं. ह्या येळी माजं नाव व्हतं. दोनदा आलं. म्या मोजलं.

राग गेला का म्हनून इचारू नगा. सकाळी जातो, दुपारी परत येतो. तुमी माज्या कपाळावर हात ठिवला व्हता त्यो बी आटवतो, आन ठिपका बी आटवतो. दोनी हात तुमचंच. त्ये माज्या डोस्क्यात बसत न्हाई. बसंल तवा बसंल.

आता माजं सांगती. पेला म्या चोरला. सुलीनं लिवलं, मुद्दाम आनला, पन त्याला चोरीच म्हनत्यात. आमच्या जातीला समदी चोर म्हनत्यात म्हनून म्या जल्मभर कुनाच्या काडीला हात लावला न्हाई, आन लावला तो देवाच्या घरात. त्याची लाज मला बी हाय. रोज त्यातनं च्या पिऊन बगितला, पानी पिऊन बगितलं. म्हनलं, ह्यात काय येगळं हाय त्ये कळंल. काय बी न्हाई. च्यासारखाच च्या.

आता ऐका. दिवाळी झाली की फुडच्या रविवारी पाळकसायेब आमच्या झाडाखाली येनार हायेत. तुमी बी या. तुमच्या आज्याचा पितळंचा पेला आनू नगा. त्यो तुमचा मान हाय, तुमच्यापाशी ऱ्हाऊ द्या. आमच्याकडं ह्यो एकच हाय, ठिपक्याचा. समदी त्यातनंच पिनार. लई बारका हाय, एका घोटात सरतो. तवा मानसागनिक भरावा लागंल. त्यो तुमी भरायचा. सतरा जनास्नी तुमच्या हातानं द्यायचा, मधी धुवायचा न्हाई. आन समद्यांच्या मागनं, माज्या हातनं, तुमी घ्यायचा.

ठिपका म्या खरवडला न्हाई. तुमी बी खरवडू नगा.

साड्या आनू नगा. मनुकं आना.

भोरची सकाळची पयली एसटी धरा, चेलाडी फाट्याला उतरून येल्ह्याची गाडी घ्या. येल्ह्याच्या फुडं गाडी न्हाई, तासभर चढ हाय. गुडगं दुखत्याल. माजं बी दुखायचं.